मुदत फक्त अर्जदारालाच का?

पोलीस भरतीचे अर्ज भरायची शेवटची तारीख आधी ३० नोव्हेंबर २०२२ होती. साईट चालेना म्हणून ती १५ डिसेंबर झाली. १४ तारखेला दिवेलागणीच्या वेळी तांड्यावरची एक मुलगी माझ्या ऑनलाइन अर्ज भरायच्या सेंटरवर आली. कागद सगळे जागेवर होते. दहावी-बारावीची गुणपत्रकं, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, डोमिसाईल, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर रबर लावलेलं. अडचण एकच होती. घरातला एकुलता एक मोबाईल वडिलांकडे, आणि वडील कोल्हापूरकडे ऊसतोडीला गेलेले. ओटीपी जाणार तो त्याच नंबरवर.

मी माझा नंबर टाकू शकले असते. पुष्कळ सेंटरवाले टाकतात. पण मग हॉल तिकिटाचा मेसेज, मैदानी चाचणीची तारीख, सगळं माझ्या फोनवर येतं, आणि एखादा मेसेज बघायचा राहिला तर पोरीचं वर्ष जातं. म्हणून मी ते करत नाही. माझ्या फोनवरून तिनं वडिलांना फोन लावला. ते फडात गाडी भरत होते. ओटीपी गेला, पण त्यांना वाचता येत नाही. ते ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरकडे पळाले, तोवर वेळ संपली. दुसऱ्या खेपेला रेंज गेली. तिसऱ्या खेपेला ड्रायव्हर फोन हातात घेऊनच उभा राहिला, "टाका ताई आता" म्हणाला, मी बटण दाबलं आणि त्यानं सहा आकडे मोठ्यानं, एकेक करून वाचले. फी भरून पावती निघाली तेव्हा पावणेदहा वाजले होते. मुलीनं पावतीची घडी केली नाही, सरळ वहीत ठेवली.

ती मुलगी मुदतीत होती. तिचे वडील आणि तो ड्रायव्हरही मधले जिल्हे ओलांडून मुदतीत आले होते. हे मी सांगते आहे कारण गेली बारा वर्षं बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं काम करते, आणि या बारा वर्षांत मुदत पाळताना मी फक्त अर्जदारालाच पाहिलं आहे. जाहिरातीत शेवटची तारीख असते, सोबत 'रात्री ११.५९ पर्यंत' असंही असतं. फी भरायची तारीख असते, वय कोणत्या दिवशी मोजणार ते असतं, नॉन-क्रिमिलेअर कोणत्या तारखेपर्यंतचं चालेल ते असतं. यातली एक तारीख चुकली की अर्ज बाद. परीक्षा कधी, निकाल कधी, नेमणूक कधी, या तीन प्रश्नांपुढे मात्र बहुतेक जाहिरातींत 'यथावकाश संकेतस्थळावर प्रसिद्ध करण्यात येईल' एवढंच असतं. माझं म्हणणं इतकंच आहे की अर्ज घेणाऱ्यालाही मुदत असली पाहिजे, ती जाहिरातीतच छापलेली असली पाहिजे, आणि ती मोडली तर त्याची किंमत खात्यानं मोजली पाहिजे.

माझ्याकडे दरवर्षीची एक जाड वही असते. नाव, पद, अर्ज क्रमांक, युजर आयडी, भरलेली फी, असे रकाने मी हातानं आखते. २०१९ च्या वहीत मार्च-एप्रिलची पानं जिल्हा परिषदेनं भरलेली आहेत. त्या मार्चमध्ये राज्यातल्या जिल्हा परिषदांनी गट-क च्या १३,५२१ जागांची जाहिरात काढली होती. आरोग्य सेवक, ग्रामसेवक, कनिष्ठ सहायक, अभियंता, अशी खेड्यातल्या मुलाला ओळखीची वाटणारी पदं. लाखो अर्ज गेले. पुढं निवडणुका आल्या, सरकार बदललं. ज्या महापरीक्षा पोर्टलवरून भरत्या व्हायच्या ते मुलांच्या तक्रारींनंतर २०२० मध्ये बंद झालं. मग कोरोना आला. ती परीक्षा झालीच नाही. २०२२ मध्ये भरती रद्द झाली, आणि भरलेली फी परत मिळवायची तर पुन्हा ऑनलाइन जाऊन बँकेची माहिती भरायची होती. तोवर कित्येकांचे नंबर बदलले होते, पोरींची लग्नं होऊन नावं बदलली होती, खाती बंद पडली होती. माझ्याकडे अर्ज भरलेल्यांपैकी थोडेच परत आले. बाकीच्यांना मी फोन केले तेव्हा, "जाऊ द्या ताई, त्यात अजून एक दिवस मोडतो" हेच उत्तर जास्त वेळा ऐकलं.

हे एकट्या महाराष्ट्राचं दुखणं नाही. रेल्वेच्या एनटीपीसी, म्हणजे तांत्रिक नसलेल्या पदांच्या, भरतीचे अर्ज २०१९ च्या मार्चमध्येच घेतले गेले, सव्वा कोटीच्या आसपास, आणि पहिली परीक्षा सुरू झाली २८ डिसेंबर २०२० ला. कोरोना मार्च २०२० मध्ये आला. त्याच्या आधीचं अख्खं वर्ष कशात गेलं, हे अर्जदाराला विचारायची सोय नव्हती.

आणि तारीख जाहीर झाली म्हणजे ती खरी असेल असंही नाही. राज्याच्या आरोग्य विभागाची गट-क आणि गट-ड ची परीक्षा २५ आणि २६ सप्टेंबर २०२१ ला होती. ती आदल्या रात्री पुढं ढकलली. मुलं एसटीत बसलेली होती, काही जण केंद्राच्या गावी पोचून स्टँडवर झोपलेली होती. ऑक्टोबरमध्ये परीक्षा झाली, मग पेपर फुटल्याचं उघड झालं आणि अटका झाल्या. त्याच वर्षी १२ डिसेंबरची म्हाडाची परीक्षाही आदल्या रात्री, मध्यरात्र उलटून गेल्यावर पुढं ढकलली गेली. त्यानंतर सरकारनं भरती परीक्षांचं काम टीसीएस ही कंपनी आणि बँकांच्या परीक्षा घेणारी आयबीपीएस ही संस्था यांच्याकडे द्यायचं ठरवलं. ते बरं झालं, हे मी मोकळेपणानं मान्य करते. पेपरफुटीच्या विरोधात केंद्राचा कायदाही आला, २१ जून २०२४ पासून तो लागू आहे. पेपर फोडणाऱ्याला शिक्षा आहे. लाखो मुलांचे अर्ज तीन-तीन वर्षं दाबून ठेवणाऱ्याला मात्र त्या कायद्यात काही नाही, आणि दुसऱ्या कुठल्याही कायद्यात मला सापडलं नाही.

आता पैशाचं बघू, कारण मुदतीचा प्रश्न पैशापाशी येऊन सगळ्यात जास्त दुखतो. २०२३ च्या तलाठी भरतीला साडेचार हजारांवर जागा होत्या आणि अर्ज आले १० लाख ४१ हजारांच्या आसपास. फी खुल्या प्रवर्गाला १,००० रुपये आणि आरक्षित प्रवर्गाला ९०० रुपये. सगळ्यांनी कमी असलेली ९०० रुपयेच भरली असं धरलं, तरी हा हिशेब ९३ कोटींच्या वर जातो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जिल्हा परिषदांची १९,४६० जागांची जाहिरात आली, फी तीच, आणि ती प्रत्येक पदाला वेगळी. एकच मुलगा ग्रामसेवक, आरोग्य सेवक आणि कनिष्ठ सहायक अशा तीन पदांना पात्र असेल तर तीन अर्ज, तीन वेळा फी. दोन-तीन महिन्यांत तलाठी आणि जिल्हा परिषद धरून घरातून चार हजार रुपये गेलेली कुटुंबं मी समोर बसलेली पाहिली आहेत.

हे चार हजार कुठून येतात ते सांगते. आमच्याकडे ऊसतोडीला नवरा-बायको मिळून जातात, त्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. २०२३ साली तोडणीचा दर टनाला २७३ रुपये होता, पुढं २०२४ च्या सुरुवातीला तो ३६६ झाला. म्हणजे त्या ऑगस्टमध्ये पोरीचा एक ९०० रुपयांचा फॉर्म भरायला आई-बापानं मिळून सव्वातीन टनांहून जास्त ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या. आणि ऑगस्टमध्ये हंगामही नसतो. तेव्हा हातात असते ती मुकादमाकडून घेतलेली उचल. फॉर्मची फी उचलीतून जाते, म्हणजे पुढच्या हंगामाच्या कर्जातून. त्या फॉर्मच्या परीक्षेची तारीख कधी येईल हे मात्र त्या बापाला सांगायला कोणी बांधलेलं नाही. मुकादमसुद्धा उचल देताना टोळी कधी निघणार ते सांगतो.

फी ठेवली नाही तर कोणीही उठून अर्ज करेल, गांभीर्य राहणार नाही, असं एक उत्तर नेहमी दिलं जातं. त्यात अजिबात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. मीच भरलेल्या अर्जांतली काही मुलं परीक्षेला गेली नाहीत हे मला माहीत आहे. पण गांभीर्यच तपासायचं असेल तर रेल्वेनं वाट दाखवून ठेवली आहे. रेल्वे भरतीत ५०० रुपये फी घेतात आणि पहिल्या परीक्षेला बसलेल्याला ४०० रुपये परत करतात. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि इतर काही गटांकडून २५० घेतात, ते बसल्यावर परत मिळतात. जो खरंच आला त्याचा पैसा त्याला मिळाला, जो आला नाही त्याचा गेला. गांभीर्याची याहून सरळ परीक्षा नाही. केंद्रीय लोकसेवा आयोग तर देशातल्या सगळ्यात मोठ्या नोकऱ्यांच्या परीक्षेला १०० रुपये घेतो, महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांकडून काहीच घेत नाही. कलेक्टर व्हायच्या अर्जाला १०० रुपये आणि त्याच्या हाताखालच्या तलाठ्याच्या अर्जाला हजार, याचं समर्थन मला कोणी पटवून दिलेलं नाही.

संख्येचंही कारण सांगतात. दहा लाख मुलांची परीक्षा घेणं म्हणजे खेळ नाही, वेळ लागणारच, असं. तलाठी परीक्षा १७ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर २०२३ अशी ५७ सत्रांत घ्यावी लागली. २१ ऑगस्टला सकाळच्या सत्रात सर्व्हर बसला आणि मुलं केंद्रांच्या दारात ताटकळली. ५७ पेपर वेगवेगळे म्हणून गुणांचं सामान्यीकरण, म्हणजे सोप्या-अवघड पेपरांचे गुण एका मापात आणणं, करावं लागलं, आणि २०० पैकी २१४ गुणांचा निकाल लागला. तो कसा आला हे समजावून सांगायला माझ्या सेंटरवर कोणी गणितज्ञ नव्हता. मुलांनी जे समजायचं ते समजून घेतलं, आणि त्यातून जो अविश्वास निर्माण झाला तो अजून गेलेला नाही. पण केंद्रीय आयोगाकडेही नागरी सेवेसाठी दरवर्षी दहा लाखांच्या घरात अर्ज येतात. त्यांचं वर्षाचं वेळापत्रक आधी जाहीर असतं. २०२४ मध्ये लोकसभा निवडणूक आडवी आली तेव्हा पूर्वपरीक्षा २६ मेवरून १६ जूनला नेली, आणि ही नवी तारीख पुढं ढकलल्याच्या त्याच पत्रकात छापलेली होती. 'यथावकाश' हा शब्द तिथं लागला नाही. म्हणजे संख्या मोठी असली तरी तारीख देता येते.

तिसरं कारण कोर्टाचं. कोणीतरी याचिका करतं, स्थगिती येते, खातं काय करणार? हे खरं आहे, आणि स्थगितीचा काळ खात्याच्या माथी मारावा असं मी म्हणत नाही. पण स्थगिती कधी आली, पुढची सुनावणी कधी आहे, हे दोन ओळींत साईटवर टाकायला काय लागतं? आमच्याकडची मुलं हे यूट्यूबवरच्या क्लासवाल्यांकडून ऐकतात. तो क्लासवाला खरं सांगतो की बॅच भरायला सांगतो हे त्यांना ओळखता येत नाही. खातं गप्प बसलं की त्याच्या जागी दुसरं कोणीतरी बोलतंच.

आता त्या फॉर्मबद्दल, जो मी दिवसातून वीस वेळा उघडते. दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, आधारवर स्वतःचं नाव आधी, पदवीच्या कागदावर आईचंही नाव. फॉर्ममध्ये पहिलं, मधलं, शेवटचं अशा तीन चौकटी. 'आधारप्रमाणे लिहा' एका ठिकाणी, 'दहावीप्रमाणे लिहा' दुसऱ्या ठिकाणी. लग्न झालेल्या मुलीच्या बाबतीत तर प्रत्येक कागद वेगळ्या बाईचा वाटावा अशी गत. आयबीपीएसच्या अर्जात फोटो २०० बाय २३० पिक्सेलचा, २० ते ५० केबीचा. सही १० ते २० केबीत. डाव्या अंगठ्याचा ठसा वेगळा. आणि एक घोषणापत्र उमेदवाराच्या स्वतःच्या हस्ताक्षरात, फक्त इंग्रजीत, ५० ते १०० केबीत. 'मी दिलेली सर्व माहिती खरी आहे' अशा अर्थाचा तो मजकूर, मराठी शाळेत शिकलेली मुलगी माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर कोऱ्या कागदावर तीन-तीन वेळा काढते, कारण एक अक्षर खोडलं तर बाद होईल अशी तिला भीती असते. महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदेत, मराठीतून काम करायला, तिला आपला खरेपणा इंग्रजीत लिहून द्यावा लागतो. हे पाहताना मला दरवेळी वाईट वाटतं, आणि ते बदलायला एका पत्राहून जास्त काही लागणार नाही याचा रागही येतो.

शिवाय हे सगळं प्रत्येक भरतीला नव्यानं. तेच कागद, तोच फोटो, तीच माहिती. केंद्रीय आयोगानं २०२२ मध्ये एकदाच नोंदणीची सोय केली. गुणपत्रकं डिजिलॉकरमध्ये आहेत आणि ती मूळ कागदाच्या बरोबरीची मानायची असा नियमही आहे. केंद्र सरकारनं १९ ऑगस्ट २०२० ला राष्ट्रीय भरती संस्था मंजूर केली, १,५१७ कोटींची तरतूद सांगितली, एकच सामाईक पात्रता परीक्षा आणि तिचे गुण तीन वर्षं चालतील असं ठरवलं. खेड्यातल्या मुलासाठी यापेक्षा चांगली कल्पना मी ऐकलेली नाही. पुढची चार वर्षं उलटली तरी त्या संस्थेची एकही परीक्षा झाली नव्हती. इथंही पुन्हा तेच. घोषणा झाली, पण तिला तारीख नव्हती.

माझी मागणी हवेतली नाही, कारण मुदत घालायचा कायदा आपल्याकडे आहे आणि मी रोज त्याच्या आधारानंच काम करते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. मी नॉन-क्रिमिलेअरचा अर्ज 'आपले सरकार'वर टाकते तेव्हा तो दाखला किती दिवसांत द्यायचा हे ठरलेलं असतं. कोण द्यायचा तो पदनिर्देशित अधिकारी ठरलेला असतो. मुदतीत नाही दिला तर पहिलं अपील, दुसरं अपील, मग राज्य सेवा हक्क आयोग, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड. दाखले अजूनही अडतात, चकरा मारायला लावतात, हे मी नाकारत नाही. पण २०१५ च्या आधी तहसीलच्या खिडकीवर "कधी मिळेल?" असं विचारायचीसुद्धा भीती वाटायची, आता पोरं "मुदत संपली साहेब" असं म्हणतात. कायद्यानं विचारायला तोंड दिलं, हा फरक मी स्वतः पाहिला आहे.

मग भरतीचे टप्पे या कायद्याखालच्या सेवांमध्ये का घालू नयेत? फी भरून घेतलेला अर्ज ही सेवाच आहे. अर्जाची मुदत संपल्यापासून इतक्या दिवसांत पात्र-अपात्र यादी, इतक्या दिवसांत परीक्षा, परीक्षेपासून इतक्या दिवसांत निकाल. दिवस किती ते खात्यानंच ठरवावं, शंभर म्हणा, दोनशे म्हणा, पण जाहिरातीत छापावं. ठरवलेल्या दिवसांत परीक्षा झाली नाही तर पूर्ण फी ज्या खात्यातून आली त्याच खात्यात आपोआप जावी, नवा अर्ज न करता. पैसे घेताना खात्याचा नंबर यंत्राला कळतो, परत देताना का कळू नये? आणि भरतीला जेवढा उशीर झाला तेवढं वय धरताना सोडून द्यावं. मार्च २०२३ मध्ये सरकारनं कमाल वयात दोन वर्षांची सवलत दिली, ३८ चं ४० आणि ४३ चं ४५ केलं. उशीर झाला हे तेव्हा मान्य केलंच होतं. मग दरवेळी मुलांनी मोर्चा काढून तशी सवलत मागायची वेळ का यावी? ती नियमातच असावी.

निवड झाली म्हणून नेमणुकीचा हक्क मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं १९९१ मध्येच सांगितलं आहे. त्याच निकालात असंही आहे की म्हणून सरकारला मनमानी करता येत नाही. आणि ७ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात घटनापीठानं म्हटलं की भरतीची प्रक्रिया जाहिरातीपासून सुरू होते आणि जागा भरल्यावर संपते, मधेच खेळाचे नियम बदलता येणार नाहीत. सुरुवात कुठं आणि शेवट कुठं हे देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टानं सांगून ठेवलं आहे. त्या दोन टोकांमधलं अंतर किती असावं हे ठरवायचं काम विधानसभेचं आहे, आणि ते राहून गेलं आहे.

मुदत घातली की यंत्रणा हलते, याचं उदाहरण मी वर सांगितलेल्या त्याच पोलीस भरतीत आहे. त्या ऑनलाइन फॉर्ममध्ये लिंगाच्या रकान्यात स्त्री आणि पुरुष असे दोनच पर्याय होते. तृतीयपंथी उमेदवाराला फॉर्म पुढं सरकवताच येत नव्हता. 'तुम्हाला घेणार नाही' असं कोणी लिहिलेलं नव्हतं, फक्त चौकट नव्हती. प्रशासकीय न्यायाधिकरणानं पर्याय द्यायला सांगितलं, तेव्हा राज्य सरकार उच्च न्यायालयात गेलं, अडचणी सांगितल्या. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सुनावलं, आणि १३ डिसेंबरपर्यंत पर्याय देऊ, असं महाधिवक्त्यांनी कोर्टात सांगितलं. शारीरिक चाचणीचे नियम करायला २८ फेब्रुवारी २०२३ ची मुदत पडली. महिनाभर जे अशक्य म्हणून सांगितलं जात होतं ते चार-पाच दिवसांत झालं. १४ तारखेला मी त्या मुलीचा फॉर्म भरत होते तेव्हा तिसरा पर्याय समोर दिसत होता.

खासगी नोकऱ्यांबद्दल मला कमी माहिती आहे, म्हणून थोडक्यातच लिहिते. माझा भाचा पुण्यात असतो, इंजिनिअर आहे, जॉब पोर्टलवरून अर्ज करतो. फी नाही, पण उत्तरही नाही. एका कंपनीत तीन मुलाखती झाल्या, चौथीला बोलावतो म्हणाले आणि मग फोन उचलणं बंद झालं. तो आठ महिने तिथल्या उत्तराची वाट बघत होता, आणि त्या आशेवर त्यानं एक लहान नोकरी नाकारली. आपल्याकडे १९५९ चा कायदा मोठ्या खासगी आस्थापनांना रिकाम्या जागा रोजगार विनिमय केंद्राला कळवायला सांगत आला, पण अर्जदाराला कळवायला कोणी सांगितलं नाही. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात १ जानेवारी २०२६ पासून २५ किंवा जास्त कामगार असलेल्या मालकाला, जाहिरात देऊन मुलाखतीला बोलावलेल्या उमेदवाराला शेवटच्या मुलाखतीपासून ४५ दिवसांत, निवडीचा निर्णय झाला आहे का, हे कळवावं लागतं.  आपल्या मुलांना 'नाही' हे उत्तरही चालतं. ते ऐकून मुलं दुसऱ्या दिवशी दुसरीकडे जातात. थांबवून ठेवतं ते न मिळालेलं उत्तर.

अर्ज भरण्याच्या शेवटच्या पानावर एक चौकट असते. 'मी सर्व अटी वाचल्या आहेत व मला मान्य आहेत.' तिथं खूण केल्याशिवाय फी भरायचं पान उघडत नाही. मी प्रत्येक मुलाला, वेळ असो नसो, त्या अटी वाचून दाखवते आणि मग खूण करायला लावते. येत्या भरतीच्या जाहिरातीत त्याच पानावर दुसरी चौकट असावी, खात्याची. परीक्षेची तारीख, निकालाची तारीख, फी परत करण्याची तारीख, आणि खाली ज्याला जाब विचारता येईल त्या अधिकाऱ्याचं पद. ती चौकट भरलेली असल्याशिवाय संगणकानं फी स्वीकारू नये. माझ्या वहीत त्यासाठी मी या वर्षी तीन नवे रकाने आखून ठेवले आहेत.